शेवटचा रकाना

मी फारसं बोलणारी बाई नाही. नवरा चिंचोळीच्या एमआयडीसीतून पाळी करून येतो, जेवतो, बातम्या लावतो. मी गप्प आहे याचं त्याला कधी काही वाटलेलं नाही. त्यामुळे ही गोष्ट माझ्यापाशी इतकी वर्षं आरामात राहिली. लपवावी लागलीच नाही. कुणी विचारलंच नाही, तर लपवणार काय.

पण हेही पूर्ण खरं नाही. एकदा विचारलं होतं, आणि मी खोटं उत्तर दिलं होतं. ते पुढे येईलच.

सोलापुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, हाडांच्या विभागात, मी समाजसेविका म्हणून कंत्राटावर होते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही; दोष त्या इमारतीचा नाही. विभागाला सरकारकडून संशोधनाचं अनुदान मिळालं तेव्हा मला घेतलं. हाडांच्या विभागाला असलं अनुदान मिळणं नवलच. हृदयाला मिळतं, कॅन्सरला मिळतं. हाड मोडलं तर जोडा आणि घरी पाठवा, त्यात शोधायचं काय, असं वरच्यांना वाटत असावं. आमच्या विभागप्रमुख सरांनी तीनदा प्रस्ताव पाठवला होता आणि तीनदा तो परत आला होता. चौथ्यांदा मंजूर झाला त्या दिवशी सरांनी पेढे नाही, कांदाभजी मागवली आणि वर्तमानपत्रावर मांडून सगळ्यांना उभ्या-उभ्या खायला लावली.

अभ्यास साधा होता. खुब्याचं हाड मोडलेल्या ज्या रुग्णांना कृत्रिम सांधा बसवला, त्यांचं पुढची दोन वर्षं काय होतं ते बघायचं. सांधा अनुदानातून, ठरलेल्या वेळचे एक्स-रे अनुदानातून, आणि घरोघर जाऊन फॉर्म भरणारी मी, तीही अनुदानातूनच. माझं कंत्राट अकरा महिन्यांचं. मग एक दिवस खंड, मग नवं.

फॉर्म परदेशातला होता. जिना चढता येतो का, बसमध्ये चढता येतं का, खुर्चीवर तासभर बसता येतं का, पायमोजे घालता येतात का. मोज्यांचा प्रश्न मी पहिल्यांदा वॉर्डातच एका बाईला विचारला. विडी वळणारी, पंचावन्नच्या आसपासची, मोरीत पाय घसरून खुबा मोडलेली. घरी तेलुगू, त्यामुळे तिच्या मराठीत ती स्वतःला कधी ‘बसते’ म्हणायची, कधी ‘बसतो’. ती माझ्याकडे बघत राहिली.

“मोजे? मी काय शाळेत जातोय का ओ?”

शेजारच्या खाटेवरच्या बाया हसल्या, मीही हसले. सगळा वॉर्ड तिला अक्का म्हणायचा, मीही म्हणायला लागले.

फॉर्मच्या तळाशी मात्र एक रकाना सरांनी स्वतः घातला होता, मराठीत. ‘जमिनीवर बसता का? किती वेळ? कशासाठी?’ तो छापून आला त्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“बाकी फॉर्म त्यांचा आहे, बाई. हा एक रकाना आपला आहे. आपल्या बायका खाली बसल्याशिवाय जगत नाहीत, आणि आपण त्यांना घरी जाताना सांगतो की बसू नका. त्या खरंच काय करतात ते मला कागदावर हवंय. कागदावर आलं की दुसऱ्या टप्प्याचं अनुदान मागता येईल. यांना वर बसून काम करता येईल असं काहीतरी बनवू. जो सांधा मांडी सोसतो, तो मागू. पण आधी कागद.”

मी ‘हो सर’ म्हटलं. त्या वेळी मला हे नीट समजलं नव्हतं असं लिहायला आवडलं असतं. पण समजलं होतं.

सर मनाने चांगले, तोंडाने कडक. वॉर्डातून सुट्टी देताना ते प्रत्येकाला दम भरायचे. अक्कालाही भरला. “मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. सांधा निसटेल. आणि खाली बसून निसटला तर माझ्याकडे यायचं नाही, सांगून ठेवतो.” ही त्यांची पद्धत होती. घाबरवलं की ऐकतात, असा त्यांचा अनुभव. आम्हाला ते माहीत होतं. रुग्णांना माहीत नव्हतं.

तीन महिन्यांनी मी अक्काच्या घरी गेले. गल्ली पूर्व भागातली, दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खडखड, त्यामुळे दारात उभं राहून ओरडावं लागायचं. तेव्हा मी न कळवताच जात होते. दार उघडं होतं. अक्का भिंतीला टेकून, चक्क मांडी घालून बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बोटं आपली चालू. मला बघितल्यावर थांबली.

“आता काय लिव्हणार ओ तुमी?”

“अक्का, सरांनी काय सांगितलं होतं?”

“सांगितले की. खुर्चीवर बस म्हनले. बसून बगितलं मी. खुर्चीवर सूप कुटं ऱ्हातंय? घसरतंय सगळं. पाय लोंबतेत, कंबर धरतंय. पानं खाली, तंबाखू खाली, आन् सून म्हनती, अत्त्या, तुमी आराम करा.” ‘आराम’ हा शब्द तिने असा उच्चारला की जणू तिला कुणी घराबाहेर काढलं होतं. “कारखान्याचं कार्ड माझ्या नावानं हाय. माल जातंय तवर मला इचारतेत या घरात. माल बंद, की मी निस्ती म्हातारी.”

मग तिने माझा हात धरला. हाताला तंबाखूचा वास होता, तो माझ्या हाताला संध्याकाळपर्यंत राहिला.

“लिहू नका, मॅडम. सर परत बगणार न्हाईत. तेच म्हनले, माझ्याकडं यायचं न्हाई.”

त्या वेळी मी दोन वाक्यं बोलायला हवी होती. अक्का, हा कागद तक्रारीचा नाही. सरांना हेच कळायला हवं आहे. यासाठीच मला पगार मिळत होता. पण मी रकान्यात ‘नाही’ लिहिलं, आणि तिला दिसावं म्हणून कागद तिच्यासमोर धरला. तिला वाचता येत नव्हतं, पण एकच शब्द लिहिला एवढं कळलं. तिने मला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली.

पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते की मला तिची दया आली. आली होतीही. पण दया हे कारण मी पुढे केलं, त्याच्या मागे दुसरं होतं. आदल्याच आठवड्यात आमच्या कार्यालयातला लेखनिक मला म्हणाला होता, “मॅडम, नियम वाचले का? डॉक्टरचं न ऐकणारे रुग्ण वेगळे दाखवायचे. वेगळे वाढले की वरून प्रश्न येतात. प्रश्न आले की पुढचा हप्ता अडकतो. आणि हप्ता अडकला की पहिल्यांदा कोण जातं?” त्याने पेन माझ्याकडे रोखलं आणि हसला. चेष्टाच केली त्याने. माझ्या मुलीचा अकरावीचा प्रवेश तोंडावर होता, नवऱ्याच्या कंपनीत एक पाळी बंद झाली होती. सरांना जाऊन सरळ विचारता आलं असतं, की सर, खरं लिहिलं तर माझं काय होईल? मी विचारलं नाही. अक्कानंतर त्या गल्लीतल्या आणखी दोघींच्या कागदावर मी ‘नाही’ लिहिलं. त्यांनी तर विनवणीही केली नव्हती.

त्यानंतर मी एक सोय केली. जायच्या आदल्या दिवशी फोन करायला लागले. कार्यालयात सांगितलं की रुग्ण घरी सापडत नाहीत, फेरी फुकट जाते. खरं म्हणजे मला त्यांना खाली बसलेलं बघायचं नव्हतं. बघितलं नाही तर खोटं लिहिल्यासारखं होत नाही, असा काहीतरी हिशेब मी मनात घातला होता.

सहा महिन्यांच्या फेरीत मी अक्काकडे गेले तर ती दाराशी निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले, हात मांडीवर, फोटो काढायला बसल्यासारखी. सूप कुठेच नाही. फरशी पुसलेली. खुर्चीच्या पाठीवर गल्लीतल्या गणेश मंडळाचं नाव रंगवलेलं, आणि एक हात तुटलेला, तारेने बांधलेला.

“रोज हितंच बसतो की ओ,” अक्का म्हणाली.

तिथून मी चार घरं सोडून अभ्यासातल्याच दुसऱ्या बाईकडे गेले. मी दारात चप्पल काढेपर्यंत मागच्या दाराने काहीतरी खरडत आल्याचा आवाज झाला. आत गेले तर बाई निळ्या खुर्चीवर बसलेली. पाठीवर मंडळाचं नाव. हाताला तार.

मला हसू आलं. तिलाही आलं. “मंडळाकडं लई खुर्च्या हाईत,” ती म्हणाली.

“आणि सगळ्यांचा तोच हात तुटलाय?”

“पोरं नाचतेत की गनपतीत.”

आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो. तिसऱ्या घरी खुर्ची माझ्या आधी पोचली होती. मी तिन्ही ठिकाणी ‘नाही’ लिहिलं. परत येताना रिक्षात मला हलकं वाटत होतं. एक खुर्ची तीन घरांतून फिरली, आणि मला ती गंमत वाटली.

वर्ष झालं तेव्हा अक्काचा एक्स-रे काढायचा होता. मी बोलवायला गेले. ती खुर्चीतून उठताना आधी दोन्ही हातांवर भार घ्यायची, मग क्षणभर थांबायची, मग पाऊल टाकायची. असं थांबणं मी वॉर्डात पाहिलेलं होतं. सांधा हाडात सैल व्हायला लागला की पहिलं पाऊल दुखतं.

“मांडीत दुखतं का?”

“बरं हाय की.” मग आवाज बारीक करून, “त्या फोटोत बसलेलं दिसतंय का ओ?”

मी घाईत होते. आणखी दोन घरं राहिली होती. मी हसत म्हणाले, “फोटोत नाही दिसत. पण सरांना कळतं.”

ती एक्स-रेला आली नाही. मी पुन्हा एकदा फोन केला. सून म्हणाली, अक्कलकोटला बहिणीकडे गेल्यात. मी फॉर्मवर ‘बाहेरगावी’ असं लिहिलं. त्या दिवशी एक्स-रे निघाला असता तर सैल सांधा दिसला असता, आणि तो बदलायची तरतूद त्या काळात अनुदानातच होती. मी चेष्टेने बोलले ते एक वाक्य, त्यामुळे ती घरी बसली. खाली बसली.

अनुदान देणाऱ्या खात्याकडून तिघे जण कामाची पाहणी करायला आले. सरांनी पडद्यावर तक्ते दाखवले. शेवटच्या रकान्याचा तक्ता आला तेव्हा त्यांतले एक गृहस्थ म्हणाले, “तुमच्या रुग्णांची शिस्त कमाल आहे. जवळपास कुणीच खाली बसत नाही. मग दुसऱ्या टप्प्यात जमिनीवर बसण्यासाठी वेगळं संशोधन कशाला हवंय तुम्हाला?”

सर वळले. खोलीत सगळे होते. त्यांनी मला विचारलं, “बाई, खरंच कुणी बसत नाही?”

हाच तो प्रश्न. मी म्हणाले, “नाही सर.”

सरांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं असं मला वाटलं. वाटलंही असेल उगीच. मग ते पडद्याकडे वळले आणि म्हणाले, “मलाही आश्चर्य वाटलं होतं.” दुसरा टप्पा नामंजूर झाला. मला ज्याची भीती होती तेच झालं, फक्त उलट्या बाजूने. प्रश्न उरला नाही म्हणून पैसा थांबला, आणि प्रकल्पाबरोबर माझं कंत्राटही संपलं. मी एका शाळेच्या कार्यालयात लागले. आजही तिथेच आहे.

अक्काचं पुढे काय झालं ते मला बाजारात, खुर्चीवरून माझ्याबरोबर हसलेल्या त्या बाईकडून कळलं. सांधा निसटला होता. चार दिवस घरीच पडून होती, कारण सर बघणार नाहीत अशी तिची खात्री. शेवटी मुलाने उचलून नेलं. सरांनी बघितलं, अर्थातच बघितलं. पण हाड इतकं झिजलं होतं की दुसरा सांधा धरणार नव्हता. होता तो काढला आणि तसंच ठेवलं. पाय आखूड झाला. वॉकरवर दारापर्यंत जाते, खाटेवर बसते. मांडी आता होतच नाही. कार्ड सुनेच्या नावावर गेलं.

हे ऐकल्यावरही मी वर्षभर काही केलं नाही. हे लिहायलाच हवं.

सर निवृत्त व्हायच्या सुमारास मी त्यांच्याकडे गेले. केबिनमध्ये पुस्तकांची खोकी बांधून ठेवली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. फोन, खुर्ची, एक्स-रे. वाटलं, रागावतील. ते रागावले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “एकंदर किती जणी बसत होत्या?”

मी खरं ते सांगितलं. तीन माहीत होत्या. बाकीच्यांकडे मी फोन करून जात होते.

“म्हणजे ते आता कळायचा मार्ग नाही,” सर म्हणाले.

मग म्हणाले, “दम मी भरत होतो. त्यातलं थोडं माझंही आहे.” हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, की त्यांना खरंच तसं वाटलं, माहीत नाही. त्यांचा शोधनिबंध त्या तक्त्यासकट छापून आला होता. त्यांनी नियतकालिकाला आणि खात्याला पत्र लिहिलं, की हा भाग विश्वासार्ह नाही, तो धरू नये. पत्रात चूक ‘आमच्या विभागाची’ असं होतं. माझं नाव नव्हतं. निवृत्त होताना माणसाला असलं पत्र लिहायला लावलं मी.

अक्काकडे जायला आणखी काही महिने गेले. या उन्हाळ्यात गेले. ती खाटेवर होती, एक पाय उशीवर. मला ओळखलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं. सून खाली बसून विड्या वळत होती, ती लगेच उठली नाही. मी सांगायला सुरुवात केली. तो रकाना कशासाठी होता, सरांना काय हवं होतं, मी काय लिहिलं.

“माझ्यासाठी केलं तुमी,” अक्का म्हणाली. “मीच म्हनलो, लिहू नका.”

“नाही अक्का. माझ्या नोकरीसाठी केलं.”

तिने उशीवरचा पाय हाताने जरा सरकवला. बाहेर मागांची खडखड चालू होती. मग म्हणाली, “तुमी त्या खुर्चीला बगून हासला व्हता.”

“हो.”

“मला वाटलं, मॅडमला कळलं. मॅडमला कळलं म्हंजे दवाखान्याला कळलं. वर वर खुर्ची, आत सगळ्यांना म्हाईत. असं धरून चाललो मी. कायतरी वंगाळ असतं तर बोलले असते की, असं.” ती माझ्याकडे बघत नव्हती, छताच्या पत्र्याकडे बघत होती. “तुमी कुनालाच सांगितलं न्हाई व्हय?”

“कुणालाच नाही.”

चहा आला. तिने स्वतःचा कप घेतला नाही. मीही घेतला नाही. मला उठून जावंसं वाटत होतं, आणि माफी मागितली तर ती देईल म्हणून मागवतही नव्हती.

थोड्या वेळाने अक्काने सुनेला तेलुगूत काहीतरी सांगितलं. सून गेली आणि कोपऱ्यावरच्या घरातून एका बाईला घेऊन आली. चाळिशीतली, काठी टेकत. दोन महिन्यांपूर्वी तिचा सांधा बदलला होता, दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात. ती दारातच ताठ उभी राहिली. मला बघून तिची नजर घरभर फिरली. मला कळलं ती काय शोधते आहे.

“हिला सांगा,” अक्का म्हणाली.

“मी आता दवाखान्यात नाही, अक्का.”

“तरीबी सांगा. मला जे सांगितलं न्हाई ते.”

मी सांगितलं. शाळेत मुलं धडा म्हणून दाखवतात तसं, अडखळत. की खाली बसत असशील तर डॉक्टरांना स्पष्ट सांग, लपवू नकोस. ते ओरडले तरी बघतात. एक्स-रे चुकवू नकोस, त्यात तुझी चुगली नसते. पहिलं पाऊल दुखायला लागलं तर त्याच दिवशी जा. माझा आवाज मागांमुळे पोचत नव्हता, तर अक्का म्हणाली, “मोठ्यानं.” मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं.

ती बाई अक्काकडे वळली आणि तेलुगूत काही विचारलं. अक्काने दोन-तीन शब्दांत उत्तर दिलं. काय, ते मी विचारलं नाही.

मग त्या बाईने काठी भिंतीला लावली, खाटेची कड धरली आणि माझ्यासमोर हळूहळू खाली बसली. चांगला पाय मुडपून, ऑपरेशनचा पाय सरळ पुढे, कमरेखाली गोधडीची जाड घडी ओढून. तिचं तिनेच शोधलेलं असणार. सांध्याला ते बरं की वाईट, मला सांगता येईना.

“असं,” ती म्हणाली. “सकाळधरनं दुपारपत्तुर.”

मी पिशवीतून शाळेची वही काढली आणि मागच्या पानावर लिहून घेतलं.